न हलणारा गोल

पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्याला, डावीकडे आत वळलं की एका शेतकरी कुटुंबाचं दुमजली घर आहे. खाली ते राहतात, वरचा मजला पुण्याच्या लोकांना भाड्याने देतात. त्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी धंद्यातली पार्टनर भादव्यापासून राहिलो आणि दिवाळीच्या आधी तिथेच आमची मैत्री संपली. कशावरून, असं कुणी विचारलं तर मी सांगते, मेनूवरून. लोकांना वाटतं, स्वयंपाकावरून भांडलो. मग खुलासा करावा लागतो की हॉटेलातला मेनू नव्हे, कॉम्प्युटरमधला. त्यावर लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

आम्ही इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणी. स्क्रीनवर काय कुठे असावं, माणसाचा हात कुठून कुठे जावा, हे मी आखायचे. ती त्याचा कोड लिहायची. नोकऱ्या सोडून आम्ही स्वतःची कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे आम्ही दोघी आणि दोन लॅपटॉप. बावधनच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने आम्हाला काम दिलं. तो जमिनीचे ले-आउट काढायचं सॉफ्टवेअर विकायचा. डोंगरउतार घ्यायचा, त्यात रस्ते टाकायचे, प्लॉट पाडायचे, कोपऱ्यात हिरवा रंग भरून बाग दाखवायची. मुळशी तालुक्यात ह्या धंद्याला मरण नाही. पण वापरणारे कुरकुरत होते. काम फार सावकाश होतं, म्हणत होते. ते वेगाने करता यावं, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

सावकाश का होतं ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. माउसचं उजवं बटण दाबलं की भलीमोठी यादी उघडायची. रेघ काढा, भाग करा, जोडा, पुसा, अशी खालपर्यंत. प्रत्येक वेळी डोळ्याने वाचायचं, हवी ती ओळ शोधायची, बाण तिथवर न्यायचा, घसरला तर पुन्हा वर यायचं. दिवसभर हेच. मी सुचवलं की यादी काढून टाकू आणि गोल मेनू करू. बटण दाबलं की बाणाच्या भोवती गोल उघडेल, पोळीचे तुकडे करावेत तसे त्याचे आठ भाग. बाण मधोमध, त्यामुळे सगळे भाग सारख्याच अंतरावर. वर ओढलं की रेघ, खाली ओढलं की पुसा. उजवीकडे भाग करा, डावीकडे जोडा. उलट कामं समोरासमोर. सुरुवातीला माणूस वाचून करेल, पण थोड्या दिवसांत दिशा हाताला पाठ होईल. मग झटकन ओढलं तर गोल स्क्रीनवर उघडायच्या आतच काम झालेलं असेल. वाचायचं नाही, शोधायचं नाही.

ही कल्पना काही माझी नव्हे, फार जुनी आहे. पण ह्या कामाला ती इतकी चपखल बसत होती की मला दुसरं काही दिसेना. स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट कागदावर उपडं ठेवून मी त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली, आठ भाग पाडले आणि तो कागद पार्टनरच्या लॅपटॉपवर ठेवला.

तिने हेडफोन काढले नाहीत. एका कानावरचा जरासा सरकवला.

"ही जिलेबी कशाला?"

मी समजावलं. ती ऐकताना स्क्रीनकडेच बघत होती.

"बावधनच्या साहेबांना हे खेळणं वाटेल," ती म्हणाली.

"साहेब वापरणार नाहीयेत. नकाशे काढणारे वापरणार आहेत."

"पैसे साहेब देणार आहेत."

तिने हेडफोन पुन्हा सरकवला आणि वर म्हणाली, "बोल, ऐकतेय मी." तिची ही सवय हॉस्टेलवरही होती. तेव्हा तिचं कौतुक वाटायचं. त्या घरात, दोनच खोल्यांत, रोज सकाळी समोर बसून ते "बोल" ऐकताना माझ्या दाढा आवळल्या जायच्या.

शेवटी तिने गोल बनवला, पण मनाविरुद्ध बनवला आणि ते दाखवत राहिली. आठच भाग का, चौदा कामं आहेत तर चौदा का नकोत, ह्यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. चौदा दिशा कुणाच्या हाताला कळत नाहीत, मी सांगितलं. "तुझ्या हाताला," ती म्हणाली. पुसण्याचं काम खाली ठेवायचं की तिरक्या दिशेला, कोपऱ्यात, ह्यावर दुसरी दुपार गेली. समोरच्या खाचरांत भात पोटरीला आलं होतं, धरणाच्या पाण्यापलीकडच्या रिसॉर्टमधून दुपारीच ढोलाची गाणी लागायची, आणि आम्ही दोन शिकलेल्या बायका एका गोलासाठी एकमेकींचे आवाज दाबत बसलेल्या.

खालून घरमालकीण वर यायच्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. जिन्यातूनच ओरडायच्या, "च्या घ्या गं! आनि जरा बारीक आवाजात भांडा, खाली म्हातारं माणूस निजलंय."

गोल तयार झाल्यावर तो वापरून बघणारं कुणीतरी हवं होतं. पौडला एस.टी. स्टँडसमोर एक ड्राफ्ट्समन बसायचा. त्याच्या पाटीवर आर्किटेक्ट लिहिलेलं होतं, पण तो आर्किटेक्ट नव्हता आणि तसं कुणी म्हटलं तर त्याला राग यायचा. कुणी नाही म्हटलं तरी यायचा. तो प्लॉटवाल्यांचे ले-आउट काढून द्यायचा. त्याचा हात खरंच वेगवान होता आणि तोंड त्याहून. मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर तपासायला मी रिकामा बसलोय का?" पण त्या दिवसांत पौडला दुपारी दुपारी वीज जायची आणि काकूंच्या घरात इन्व्हर्टर होता. वीज गेली की तो मोटरसायकलवर पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे यायला लागला. आमच्या मशीनवर आमच्या गोलाने स्वतःचं खरं काम करायचं, अशी अट मी घातली. खोट्या नकाशांवर हात शिकत नाही.

पहिले काही दिवस त्याने मला शिव्याच घातल्या. सरळ नव्हे, पण मला कळतील अशा.

"पुण्यात बसून सुचतं असलं. इथं प्लॉटवाला मानेवर बसलेला असतो."

"वाचा आणि ओढा."

"वाचूनच तर मरतोय. यादी काय वाईट होती?"

माझी पार्टनर पलीकडच्या टेबलावरून हे ऐकायची आणि ओठांच्या कोपऱ्यातून हसायची. तिचं ते हसणं मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

एके दिवशी तो काम करत असताना काकू चहा घेऊन वर आल्या. कप ठेवताना त्यांची नजर स्क्रीनवर गेली. आधी नुसत्याच बघत होत्या. मग खाली वाकल्या.

"हे आमचं खालचं खाचर न्हवं?"

ड्राफ्ट्समनने मान वर केली नाही. "तुमच्या शेजारचं आहे. विकलंय त्यांनी."

"त्ये ठावं हाय मला. चुलत दीर हाय त्यो माजा. पर ह्यो रस्ता कुनाच्या बांधावरनं चाललाय?"

"मला मोजणी दिली, त्यावरून काढतोय."

"मोजनी कुनी दिली? त्या मुडद्यानं? बांध आमचा हाय. माज्या सासऱ्यानं घातलेला."

"काकू, मी नकाशा काढतो. भांडण तहसीलला करा."

"तहसीलला बी करीन. आदी हितं करते. पूस त्यो रस्ता."

"नाही पुसता येत."

"का? त्या यंत्रात पुसाया येत न्हाई व्हय?"

मी मध्ये पडायला गेले, तर काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू रस्ता मीच काढलाय. मग त्यांनी त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि खाली घेऊन गेल्या. त्याने एकच घोट घेतला होता. त्या दिवसापासून तो आला की काकू वर यायच्या नाहीत, पण अंगणातून चुलत दिराच्या नावाने मोठमोठ्याने बोलायच्या आणि प्रत्येक शब्द आमच्या खिडकीतून आत यायचा. ड्राफ्ट्समन प्लॉट पाडत राहायचा.

आणि तसा रोज शिव्या खात, देत काम करताना त्याचा हात शिकला. मला ते दिसलं तो क्षण मी विसरणार नाही. तो फोनवर प्लॉटवाल्याशी हुज्जत घालत होता, मान खांद्याकडे वाकडी करून फोन धरलेला, डोळे खिडकीबाहेर. आणि उजवा हात चालू होता. उजवीकडे, उजवीकडे, वर, उजवीकडे. स्क्रीनवर जमिनीचे भाग पडत होते. गोल एकदाही उघडला नव्हता. उघडायची गरजच उरली नव्हती. मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने लक्ष दिलं असतं, आणि लक्ष दिलं असतं तर तो चुकला असता.

संध्याकाळी मी पार्टनरला हे सांगितलं. ती भांडी घासत होती.

"एका माणसाचं काय धरून बसलीस," ती म्हणाली.

मला वाटलं, हरलीये आणि कबूल करत नाही. मी खूश होते. खरं म्हणजे तिने त्याआधीच दुसरं काहीतरी करायला घेतलं होतं.

दोन दिवसांनी ती सकाळीच स्कूटर घेऊन पुण्याला गेली. आईकडे जाऊन येते, म्हणाली. दुपारी पौडची वीज गेली आणि ड्राफ्ट्समन आला. घाईत होता. तोच ले-आउट पुरा करून संध्याकाळच्या आत छापून द्यायचा होता, प्लॉटवाला पौडला त्याच्या ऑफिसात येऊन बसणार होता. तो बसला, बटण दाबलं, आणि त्याचा हात नेहमीच्या वेगाने सुटला. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. डोळे बाजूच्या कागदावरच्या मापांवर.

मी स्वयंपाकघरात होते. आधी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग तो ओरडला.

"हे काय केलं? काय केलंत हे?"

मी धावत आले. स्क्रीनवर ले-आउटच्या मधोमध भगदाड पडलं होतं. प्लॉटांची अख्खी ओळ गेली होती, रस्ता अर्धा गेला होता, आणि जिथल्या रेघा पुसल्या गेल्या तिथे शेजारशेजारचे तुकडे एकमेकांना चिकटून बसले होते. मी केलेलं रद्द करून मागे फिरायची आज्ञा दिली. आमच्या चाचणीच्या आवृत्तीत ती सोय अजून कच्ची होती, चार-पाच पावलं मागे जाऊन थांबली. त्याआधीचं सगळं गेलं होतं, आणि फाइल आपोआप जतनही झाली होती.

मी बटण दाबून धरलं आणि गोल उघडू दिला. उजवीकडे "पुसा" होतं. "भाग करा" वर गेलं होतं. "जोडा" कोपऱ्यात. एकही भाग आपल्या जागी नव्हता.

"मी उजवीकडेच ओढलं," तो म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता आणि ते जास्त वाईट होतं. "तुमीच शिकवलं ना उजवीकडे? महिनाभर तेच घोकून घेतलंत ना?"

"हो."

"मग?"

तो पेनड्राइव्ह ओढून काढून जिना उतरला. अंगणात काकू होत्या. काय झालं ते त्यांनी त्याच्या तोंडूनच काढून घेतलं. मग त्यांचा आवाज वर आला, मोकळा, खणखणीत.

"रस्ता ग्येला? बरं झालं! देवाला डोळं हायेत म्हनायचं."

त्याने मोटरसायकलला किक मारली ती काकूंनाच मारल्यासारखी.

मी पार्टनरला फोन करत राहिले. तिने उचलला नाही. ती चारच्या सुमाराला आली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते.

"तू जागा बदलल्यास?"

तिने हेल्मेट सावकाश काढलं. तिला लगेच कळलं होतं, मी कशाबद्दल बोलतेय ते.

"मी नाही बदलल्या. काल रात्री नवी आवृत्ती टाकलीय, तिच्यात मेनू आपला आपण बदलतो. माणूस जे जास्त वापरतो ते आपोआप वर आणतो. स्मार्ट आहे."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो, म्हणून विचारलं नाही. आणि साहेबांना आवडलंय."

"साहेबांनी कधी बघितलं?"

तिने हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाली, "आज. आणि मागच्या आठवड्यात एकदा."

म्हणजे आईकडे गेलीच नव्हती. मागच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, तेही खोटं.

"त्या माणसाचं अख्खं काम गेलं," मी म्हटलं.

"मला ठाऊक नव्हतं तो आज येईल. पण चुकला का तो? बघत नव्हता म्हणून. स्क्रीनवर लिहिलेलं असतं ना? बघून काम करायला काय होतं?"

हे ऐकून माझ्या डोक्यात जे गेलं ते अजून तिथेच आहे. न बघता करता यावं म्हणूनच तर गोल होता. दुसरा कसलाच उपयोग नव्हता त्याचा. जागा हलणार असतील तर गोल काय, चौकोन काय, त्या यादीत काय वाईट होतं? हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की माझं मलाच ऐकून कंटाळा आला होता, आणि ती प्रत्येक वेळी म्हणाली होती, "ऐकतेय मी."

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं इथे लिहीत नाही. तीही ओरडली. कोण किती वर्षं कुणाच्या जिवावर जगलं, कुणी कुणाला नोकरी सोडायला लावली, कुणाच्या घरच्या लग्नात कोण आलं नाही, मेनूपासून निघून आम्ही कुठल्या कुठे गेलो. खाली काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तुमी दोगी तर सवतीगत भांडताय," त्या म्हणाल्या. "नवरा कुटं हाय त्यो तरी दावा."

दोघींपैकी कुणीही हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठले. सकाळचे पोहे तिच्याकडे असायचे. आमच्या स्वयंपाकघरात गोल मसाल्याचा डबा होता, प्रत्येक घरात असतो तसा, मधोमध एक वाटी आणि भोवती बाकीच्या. ती पोहे करताना कधी डब्यात बघायची नाही. एका हातात फोन, डोळे फोनवर, दुसरा हात चमचा घेऊन बरोबर त्या वाटीत जायचा. मी हळदीची वाटी उचलली, तिच्या जागी तिखटाची ठेवली, तिखटाच्या जागी हळद, आणि झाकण लावून माझ्या टेबलापाशी येऊन बसले.

ती उठली. कांदा चिरला, तेल तापवलं. मोहरी तडतडली. मग तिने चमचाभर तिखट त्या कडकडीत तेलात टाकलं.

ठसका आधी तिला लागला, मग मला, मग खाली म्हाताऱ्या आजोबांना. काकू अंगणातून ओरडल्या, "कुनी मिरच्या जाळल्या गं? मारता का काय आमाला?" पार्टनर डोळे मिटून गॅसची कळ शोधत होती. ती बंद करून, ओट्याला धरून, खोकत खोकत तिने डब्यात बघितलं.

"वाट्या तू हलवल्यास?"

"मी नाही हलवल्या," मी म्हटलं. "डबा स्मार्ट आहे."

तिला कळलं. कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर मी बघितलं. पण पटणं वेगळं. ती खाली फरशीवर बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यातलं किती तिखटाचं होतं ते मला माहीत नाही. बराच वेळ खोकून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुला मेनूचं काही पडलेलं नाहीये. तुला एकदा तरी काहीतरी तुझं म्हणून दाखवायचंय. माझ्या कोडशिवाय तुझे गोल म्हणजे ताटाभोवती ओढलेली पेन्सिल आहे, हे तुला सहन होत नाही."

"आणि माझ्याशिवाय तू साहेब सांगेल ते टाइप करणारी बाई आहेस."

"असू दे," ती म्हणाली आणि उठून बॅग भरायला लागली.

लोक मला सांगतात की त्या वाट्यांचा मला पश्चात्ताप व्हायला हवा. मला होत नाही. मला एवढंच वाईट वाटतं की इतकं स्वच्छ दाखवूनही उपयोग झाला नाही.

ती स्कूटरवर बॅग बांधून गेली. जाताना काकूंना वाकून नमस्कार केला, मला नाही. पुढच्या आठवड्यात तिने एकटीने बावधनला जाऊन हलणारा गोल दाखवला. तिथल्या सगळ्यांना फार आवडला, असं मला तिथल्याच एका ओळखीच्याने सांगितलं. आवडणारच. दाखवताना माणूस एकदाच बघतो. एकदा बघणाऱ्याला हलणारी वस्तू हुशार वाटते. तिच्याबरोबर रोज नांदायचं असतं ते दुसऱ्याच कुणाला. त्यांनी तिला नोकरीवर घेतलं आणि आमची कंपनी तिथेच मिटली.

मी त्या घरात एकटी राहिले. जायला दुसरी जागा नव्हती असं नाही, पण आपण हरून निघालो असं दिसायला नको होतं. काकूंनी तीही सोय ठेवली नाही. भात पिवळं पडायला लागलं होतं. एक दिवस त्या वर आल्या आणि बसल्यासुद्धा नाहीत.

"दिवाळीला पुन्याचं पावनं येनारेत. चार दिसाचं तुमच्या म्हैन्याएवडं देत्यात. खोल्या मोकळ्या करा."

"काकू, मी महिन्याच्या शेवटापर्यंत म्हटलं होतं."

"म्हटलं हुतं तवा दोगी हुत्या. आता एकटी बाई वरच्या मजल्याव रडत बसती, लोकं मला इचारत्यात."

"मी रडत नाही."

"मंग आनिकच वाईट," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

मी दोन बॅगा आणि लॅपटॉप घेऊन पौडच्या स्टँडवर आले. पुण्याची गाडी लागलेली नव्हती. समोरच्या ऑफिसातून ड्राफ्ट्समनने मला बघितलं. मला वाटलं, आता चारचौघांत तमाशा करणार. तो रस्ता ओलांडून आला, हात खिशात.

"निघालात?"

"हो."

"त्या दिवशी प्लॉटवाल्याने माझी आई-बहीण काढली. अख्खं पुन्हा काढलं मी. यादीवरून. दोन दिवस गेले."

"मला वाईट वाटतं त्याचं."

"वाईट वाटून काय करू?" मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "ती गोलाची आधीची आवृत्ती आहे का? जागच्या जागी राहायची ती?"

होती. माझ्या लॅपटॉपवर तिची प्रत होती. कुणाला द्यायचा मला अधिकार नव्हता, करारात तसं स्पष्ट होतं. मी बॅगा त्याच्या ऑफिसात ठेवल्या, त्याच्या मशीनवर ती आवृत्ती टाकली आणि कुणाला सांगू नका म्हटलं. तो "हं" म्हणाला. खुर्चीवर बसला आणि कुठल्यातरी दुसऱ्याच डोंगराचा नकाशा उघडला. पहिले दोनतीन झटके अडखळला, हाताला आठवेपर्यंत. मग सुटला. मी मागे उभी राहून बघत होते. गोल उघडत नव्हता. डोंगराचे भाग पडत होते, भराभर, डोळ्यांना सुख वाटावं इतक्या सफाईने. मला छान वाटलं आणि तुकडे पडणाऱ्या डोंगराकडे बघून आतून आंबटही वाटलं. पण छान आधी वाटलं, हे मी लपवणार नाही.

"ते कोपऱ्यातलं 'माप' चुकीच्या बाजूला ठेवलंय तुमी," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "डावखुऱ्याने केल्यासारखं."

गाडी लागली होती. मी बॅगा उचलल्या. त्याने मान वळवली नाही.

हलणारा गोल कंपनीने त्यानंतर बाजारात आणला. वापरणाऱ्यांनी त्याला इतक्या शिव्या घातल्या की काही महिन्यांत तो काढून पुन्हा यादी बसवली. हे मला पार्टनरनेच सांगितलं. तिने फोन केला होता. मी नव्या नोकरीच्या ऑफिसात, जेवणाच्या खोलीत होते, डबा उघडलेला.

"गोल मेनू बंद केला आम्ही," ती म्हणाली. "तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा म्हटलं मीच सांगते. तू खूश असशील."

"बंद करताना काय म्हणालात?"

"म्हणजे?"

"कारण काय लिहिलंत?"

"हेच की गोल मेनू लोकांना जमत नाही. यादीची सवय असते लोकांना."

"जागा हलायच्या म्हणून, असं नाही लिहिलं?"

"तसं कोण लिहितं, अगं?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण आजूबाजूला माणसं जेवत होती. माझं म्हणणं कुणी खोडून काढलं असतं तर मी सहन केलं असतं. तिने ते मोडलं, मोडलेलंच लोकांपुढे ठेवलं आणि लोकांनी झिडकारल्यावर माझंच म्हणणं चुकीचं ठरवून मोकळी झाली. आता मी कुठेही गोल मेनूचं नाव काढलं की समोरचा म्हणतो, तो प्रयोग झालाय, चालला नाही. बावधनच्या कुणीतरी करून बघितलाय म्हणे.

"भेटायचं का एकदा?" ती विचारत होती. "मी पौड रोडलाच असते हल्ली."

"नाही," मी म्हटलं.

"अजून राग आहे?"

"आहे."

तिने फोन ठेवला नाही. तिच्या बाजूने गाड्यांचा आवाज येत होता. मग मीच ठेवला आणि जेवायला लागले. भाजी गार झाली होती.